जुन्या इंजिनाला कोणते तेल घालावे?

प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह आणि ते उघडण्यासाठी कॅमशाफ्टवर आठ उंचवटे असतात. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असला की कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १,५०० फेरे घेतो. याचा अर्थ प्रत्येक उंचवटा आपल्या टॅपेटला सेकंदाला २५ वेळा वर ढकलतो. कॅमचा उंचवटा टॅपेटच्या तळावरून घासत जातो तेव्हा दोघांचा स्पर्श जेमतेम एका बारीक पट्टीवर होतो आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या पट्टीवर येतो. तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट असतो. अशा ठिकाणी धातूला धातूपासून वेगळे ठेवणारा थर माणसाच्या केसाच्या जाडीचे काहीशे भाग केले तर त्यांतल्या एका भागाइतकाच असतो, आणि तो थर आपण इंजिनात ओतलेल्या तेलातूनच तयार झालेला असतो.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने तेलाचा विचार फार काळजीने करायला हवा. दुकानात गेल्यावर सर्वांत नवे, सर्वांत पातळ आणि सर्वांत महाग तेल पुढे केले जाते. आजच्या इंजिनासाठी ते खरोखर उत्तम असते. फियाट, अँबेसिडर किंवा विलीज जीप यांच्या इंजिनाला मात्र त्यातले बरेचसे अनोळखी आहे, आणि त्याला जे हवे ते त्यात कमी आहे. हे का होते ते समजायला इंजिनाच्या आत दोन वेगवेगळ्या जागी तेल काय करते ते पाहावे लागते.

पहिली जागा बेअरिंगची. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वरून भार दिलेले पितळी बेअरिंग, अशी त्याची मांडणी होती. वरून तेल सोडता यावे म्हणून त्याने बेअरिंगला माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उसळून बाहेर येऊ लागले. टॉवरने बूच बसवले, ते निघून आले. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत सरकत बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक जोडला. काटा चढला तो बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीपलीकडे गेला. तेल नुसते ओले करत नव्हते, ते सगळा भार उचलून धरत होते.

तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स याने याचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला आपल्यासोबत ओढतो आणि अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. त्या कोंडलेल्या तेलात दाब तयार होतो आणि आस त्यावर तरंगू लागतो. आपल्या गाडीच्या क्रँकचे मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग नेमके असेच चालते. ऑइल पंप तेल तिथपर्यंत पोहोचवतो इतकेच. उचलण्याचे काम क्रँकचे फिरणेच करते. इंजिन चालू असताना या जागी धातू धातूला लागतच नाही. एका साध्या लाकडी खुंटीने उघड केलेले हे सत्य मला यंत्रविद्येतल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटते.

या तरंगण्यासाठी दोन गोष्टींचा मेळ बसावा लागतो: फट किती आणि तेल किती दाट. जुन्या इंजिनाच्या फटी मुळातच आजच्यापेक्षा मोकळ्या ठेवलेल्या असत आणि वापराने त्या आणखी वाढतात. अशा फटीत आजच्या गाडीसाठीचे ०डब्ल्यू-२० घातले, तर ते गरम झाल्यावर कडेने लवकर निसटते, ऑइलचा दाब पडतो आणि थर विरळ होतो.

डब्यावरच्या या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, १९११ साली तेलांना दाटपणाप्रमाणे क्रमांक द्यायला सुरुवात केली. नुसता क्रमांक, म्हणजे ३०, ४० किंवा ५०, हा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे: २०डब्ल्यूची कसोटी उणे १५ अंशांना लागते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. नागपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्या गाडीला उणे ३० अंशांची हमी काय कामाची? आपल्याकडे दुसरा आकडा आधी पाहावा. पहिला अगदीच निरर्थक नाही. पहाटे सेल्फ मारल्यावर तेल वर रॉकरपर्यंत किती लवकर पोहोचते ते काही अंशी त्यावर ठरते. पण महाराष्ट्राच्या हवेत १५ आणि २० हे दोन्ही चालतात.

एकाच तेलाला दोन आकडे मिळतात ते लांब साखळ्यांच्या पॉलिमरमुळे. थंड तेलात या साखळ्या गुंडाळून पडलेल्या असतात आणि तेलाला फारशा आडव्या येत नाहीत. तेल तापले की त्या उलगडतात आणि त्याचे पातळ होणे रोखून धरतात. ही बहुश्रेणी तेले १९५०च्या दशकात रुळली. त्यांचा एक दोष ध्यानात ठेवावा: टॅपेट, बेअरिंग आणि पंप यांच्या चिमटीत सापडून या साखळ्या हळूहळू तुटतात, आणि ५० क्रमांकाचे तेल वापरता वापरता ४०च्या जवळ येते. तेल वेळेवर बदलण्यामागचे हे एक कारण.

आता दुसरी जागा, कॅम आणि टॅपेटची. इथे टॉवरचा चमत्कार पुरेसा घडत नाही. गोल आसाला गोल बेअरिंग कवेत घेते तशी इथे जागाच नसते. फक्त एक रेषा आणि तिच्यावरचा प्रचंड भार. इंजिन मंद फिरत असताना, म्हणजे सिग्नलला उभ्या गाडीत, ही अवस्था सर्वांत बिकट असते. जुन्या रचनाकारांनी यावर एक देखणी युक्ती केली होती. पुष्कळशा इंजिनांत कॅमचा उंचवटा एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो आणि सपाट म्हटल्या जाणाऱ्या टॅपेटचा तळ प्रत्यक्षात अगदी किंचित फुगीर असतो. त्यामुळे प्रत्येक धक्क्यासरशी टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज एकाच जागी न होता सगळीकडे वाटली जाते. ज्या दिवशी टॅपेट फिरायचा थांबतो, त्या दिवसापासून तो आणि त्याचा कॅम दोघेही झिजत जातात.

या जागी खरे रक्षण रसायनाचे असते. त्याचे पूर्ण नाव झिंक डायअल्किल-डायथायोफॉस्फेट. गॅरेजमध्ये आणि तेलाच्या धंद्यात त्याला नुसते झिंक म्हणतात. १९४०च्या दशकात हे रसायन तेलात आले ते वेगळ्याच कामासाठी: तेल आंबू नये आणि बेअरिंगचा धातू गंजू नये म्हणून. पुढे अमेरिकन इंजिनांच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा कडक होत गेल्या, कॅम झिजू लागले आणि १९५०च्या दशकात या रसायनाचा दुसरा गुण ठळक झाला. घासल्या जाणाऱ्या धातूवर उष्णता आणि दाब एकवटले की त्याचे रेणू मोडतात आणि त्याच जागी फॉस्फेटचा काचेसारखा थर धरतो. जाडी साधारण १०० नॅनोमीटर. दुधावर साय धरावी तसा तो धरतो. घासून निघाला की तेलातल्या शिल्लक झिंकमधून पुन्हा धरतो. जिथे घर्षण तिथेच तो तयार होतो, इतरत्र नाही. असे नेमके काम करणारे रसायन सापडल्यावर जगभरच्या तेलांत ते गेले यात नवल नाही. आज कित्येक दशकांनंतरही त्याच्या तोडीचा स्वस्त पर्याय उभा राहिलेला नाही.

मग नव्या तेलांत ते कमी का झाले? उत्तर धुराड्यात आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत गाड्यांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते एप्रिल १९९५पासून सक्तीचे झाले. इंजिन थोडे तेल जाळतेच, आणि त्या तेलातल्या झिंकच्या रसायनात असलेला फॉस्फरस कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंवर बसून त्यांना निकामी करतो. म्हणून तेलातल्या फॉस्फरसवर मर्यादा आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मानकात ती ०.१२ टक्के होती, पुढे ०.१० आणि २००४च्या मानकात ०.०८ टक्के झाली. तोपर्यंत नव्या गाड्यांत रोलर लावलेले टॅपेट आणि हलक्या रचना आल्या होत्या, त्यांचे काही बिघडले नाही. हवा स्वच्छ राहावी म्हणून केलेला हा बदल योग्यच होता. फटका बसू शकतो तो सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांना.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ही मर्यादा सगळ्या तेलांना नाही. ती ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या श्रेणींना लागू आहे. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांना ती लागू नाही, आणि बनवणारा त्यांत जास्त झिंक ठेवू शकतो. म्हणजे जुन्या इंजिनाला दाटपणा आणि झिंक या ज्या दोन गोष्टी हव्यात, त्या योगायोगाने एकाच डब्यात सापडण्याची शक्यता मोठी आहे. मात्र ठेवू शकतो म्हणजे ठेवतोच असे नाही. उत्पादकाने दिलेल्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा पाहावा. ०.१० ते ०.१२ टक्के असेल तर आपल्या रस्त्यावरच्या कोणत्याही साध्या जुन्या गाडीला तो पुरेसा आहे.

आपल्या बाजारात असे तेल शोधणे अवघडही नाही. ट्रकसाठीचे सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० गावोगावी मिळते आणि त्यात झिंक चांगले असते. त्यात साफसफाईची रसायनेही जास्त असतात, आणि धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी ती झिंकशी स्पर्धा करतात, एवढे लक्षात असू द्यावे. डब्यावर डिझेलच्या दर्जाबरोबर एसएल किंवा तत्सम पेट्रोलचा दर्जाही छापलेला असेल तर निर्धास्तपणे वापरावे. दुसरा स्रोत मोटारसायकलचा. जपानी जासो एमए मानकाच्या तेलात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवावा लागतो, त्यामुळे मोठ्या मोटारसायकलींसाठीचे २०डब्ल्यू-५० जुन्या कारलाही मानवते. हे ऐकून काही जण नाक मुरडतात. इंजिनाला डब्यावरच्या चित्राशी काही देणेघेणे नसते.

वेगळ्या बाटलीतून मिळणारे झिंक तेलात ओतावे का? माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे. फॉस्फरस ०.२० टक्क्यांच्या पुढे गेला तर तेच रसायन लोखंडाला खाऊ लागते, आणि तयार तेलात आधी काय काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते. योग्य तेल मिळत असताना घरी औषधे मिसळू नयेत. शिवाय झिंकची भीती सरसकट बाळगण्याचेही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या साइड-व्हॉल्व्ह गाड्या झिंक जन्माला येण्याआधीच धावत होत्या. त्यांच्या स्प्रिंगा मऊ असत. मूळ स्प्रिंगांवर शांतपणे चालवली जाणारी फियाट आणि शर्यतीसाठी कडक स्प्रिंगा बसवलेले इंजिन यांची गरज एक नाही.

डब्यावरच्या दर्जाच्या अक्षरांबद्दलही थोडे सांगायला हवे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची पेट्रोल इंजिनांसाठीची मालिका एसएपासून सुरू होते. एसए म्हणजे कोणतेही रसायन न घातलेले तेल. १९३०नंतरच्या इंजिनात ते वापरू नये असे ती संस्थाच बजावते. एसबी १९५१नंतरच्या इंजिनांना नको, एससी १९६७नंतरच्यांना नको. जुनी गाडी म्हणून जुन्यात जुने तेल, हा विचार म्हणूनच चुकीचा आहे. पद्मिनी किंवा अँबेसिडरला एसएफ, एसजी किंवा त्यानंतरचा दर्जा, योग्य दाटपणासह, असे पाहावे.

साफ करणाऱ्या तेलाविषयी एक खरी अडचण आहे. जुन्या काळी कित्येक इंजिनांना सगळे तेल गाळणारा फिल्टर नसे. जाळी असे, किंवा थोडेच तेल गाळणारा बायपास फिल्टर. साधे तेल वापरले की मळ तेल साठणाऱ्या चेंबरच्या तळाशी बसून राही. अशा, कित्येक वर्षे न उघडलेल्या इंजिनात एकदम धुणारे तेल घातले तर साचलेला गाळ सुटून तेलाच्या बारीक वाटांत अडकू शकतो. उपाय एकच: आधी चेंबर काढून हाताने साफ करावा, पंपाची जाळी धुवावी, मग नवे तेल घालून पहिली बदली लवकर करावी. उघडून बांधलेल्या इंजिनाला ही शंका उरत नाही. त्यानंतर तेल काळे पडू लागले तर घाबरू नये. मळ धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे, आणि ते काम चालू असल्याची ती खूण आहे.

गळतीचे कारण बहुधा तेलात नसून रचनेत असते. अँबेसिडरचे १४८९ सीसी इंजिन मूळ ब्रिटिश बी-सिरीजचे. त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नसून मळसूत्रासारखा खोबणीचा आटा आहे. क्रँक फिरताना तो तेल परत आत ओढतो. इंजिन बंद झाले की ओढणारे कोणी उरत नाही, आणि उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब पडतात. हे दुखणे नव्हे. इतर जुन्या गाड्यांत त्या जागी ग्राफाइट लावलेला दोर असतो, पॅकिंग बुचाच्या लाकडाचे असते. अशा इंजिनात पातळ सिंथेटिक तेल घातले तर थेंबांची धार होऊ शकते. सिंथेटिक तेल वाईट नाही. योग्य दाटपणाचे असेल आणि सील धड असतील तर ते चालते. पण लवकर लवकर बदलायचे तेल महागातले घेण्यात मला अर्थ दिसत नाही, आणि जुन्या गाडीचे तेल लवकर बदलावेच लागते.

त्याचे मुख्य कारण पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते आणि इंजिन थंड असेल तर चेंबरमध्येच पाणी होऊन तेलात मिसळते. ज्वलनातून आलेली आम्ले त्यात विरघळतात. इंजिन तासभर तापून धावले तर हे पाणी उडून जाते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी दिवसभर गरम राही, म्हणून साध्या तेलावरही तिची इंजिने टिकत. त्या टॅक्सींतली शेवटची ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. उरलेल्या पद्मिनी आता शेडमध्ये झाकून ठेवलेल्या आहेत, आणि रविवारी पाच मिनिटे चालू करून बंद केल्या जातात. ती पाच मिनिटे इंजिनाला फार महाग पडतात. चालू करायची तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणावी, नाहीतर चालूच करू नये.

केंद्र सरकारने २०२१ साली पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी आणली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कामांसाठी ती बाहेर काढायची. म्हणजे ती वर्षाला फार थोडे अंतर धावणार. तिच्या तेलाचा हिशेब किलोमीटरवर न ठेवता दिनदर्शिकेवर ठेवावा. वर्षातून एकदा, आणि शक्यतो पावसाळ्यात गाडी झाकून ठेवण्यापूर्वी, तेल आणि फिल्टर बदलावेत. आम्लाने भरलेले तेल बेअरिंगवर चार महिने बसू देऊ नये.

डिपस्टिक नुसती कमी तेल पाहण्यासाठी नाही. तेलाची पातळी वाढलेली दिसली तर ते जास्त गंभीर आहे. जुन्या इंजिनांचा यांत्रिक पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि त्याचा रबरी डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर त्यासाठी बनलेले नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी त्या क्षणी बंद करून पंप पाहावा. पेट्रोलने पातळ झालेल्या तेलावर बेअरिंग फार काळ टिकत नाही.

नव्याने बांधलेल्या इंजिनाची पहिली वीस-तीस मिनिटे सर्वांत नाजूक. नवा कॅम आणि नवे टॅपेट यांनी एकमेकांना अजून ओळखलेले नसते, आणि कॅमवर तेल पोहोचते ते मुख्यतः क्रँकने उडवलेले. म्हणून कॅमला आधी मॉलिब्डेनमचे लेपण लावतात, झिंक भरपूर असलेले साधे मिनरल तेल घालतात आणि इंजिन सुरू होताच ते मंद न ठेवता २,००० ते २,५०० फेऱ्यांवर धरतात. या वेळी आयडलिंगवर सोडून चहाला जाणारा मिस्त्री नवा कॅम पहिल्याच दिवशी घालवू शकतो. त्यानंतर ते तेल काढून टाकून नेहमीचे भरावे.

तेव्हा पद्मिनी, अँबेसिडर किंवा तशाच जुन्या पेट्रोल गाडीसाठी, इंजिन घट्ट असेल तर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, वापराने सैल झाले असेल किंवा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात चालवायची असेल तर २०डब्ल्यू-५०. मिनरल, फॉस्फरस ०.१०च्या आसपास, वर्षाला एक बदली. गाडीचे मूळ हँडबुक हाताशी असेल तर दाटपणाच्या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण मानावा. तेल ओळखीच्या पंपावरून सीलबंद घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, कारण बनावट तेल अशाच डब्यांत भरले जाते. काढलेले जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल, अशी व्यवस्था आपल्या गॅरेजकडे आहे की नाही, हे पुढच्या बदलीच्या वेळी जरूर विचारा.